नखावरचा शांपू

सकाळी उठून पाहिलं तर ड्रममधल्या शांपूचं पाणी झालं होतं. रात्री झोपताना तो मधासारखा होता. चमचा उभा राहत होता असं मी म्हणणार नाही, पण आडवा पडायला विचार करत होता.

"आई, याला कोणी हात लावला?"

"मी," आई म्हणाली. "रातले तू मूठभर मीठ टाकं तं घट्ट व्हयनं. मी म्हटलं, पाव्हणा येनार शेतस, आखो घट्ट व्हवू दे. आख्खा पुडा टाकं."

शांपूत मीठ असतं हे सांगितलं की लोकांना फसवल्यासारखं वाटतं. पण शांपूत असतं तरी काय? फेसाचं दाट द्रव्य, जे मी जळगावहून पॅसेंजरने कॅनमध्ये आणायचो. पाणी. चिमूटभर लिंबाचं सत. गुलाबी रंग. गुलाबाचा वास, ज्याचा गुलाबाशी काही संबंध नसतो. आणि दाटपणासाठी मीठ, घरातलंच. थोडं मीठ पडलं की फेसाच्या द्रव्याचे कण एकमेकांचा हात धरतात. जास्त पडलं की सोडून देतात. बी.एस्सी.त मला एवढंच नीट कळलं होतं, आणि ते परीक्षेत आलं नाही.

"बेसन लावू का?" आईने विचारलं. ती चेष्टा करत नव्हती. तिने बेसनाचा डबा उघडलाही होता.

बाराच्या एस.टी.ने धुळ्याहून रुपचंद नाना येणार होते. त्यांची मुलगी कुंदा मी पाहून आलो होतो. तिला स्वयंपाक, शिवण, रांगोळी सगळं विचारून झाल्यावर तिने मला विचारलं, "तुमचा शांपू डोळ्यांत गेला तर झोंबतो का?"

"खूप," मी म्हणालो.

ती हसली. त्याआधी दोन-तीन ठिकाणी मी 'कारखानदार' असं सांगितलं होतं. तिथेही सगळे हसले होते, फक्त मुलगी सोडून. खरं बोलल्यावर मुलगी हसते हे मला नवीन होतं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

नाना हसले नव्हते. "माल पाहीसन सांगसू," म्हणाले होते. माल बरा निघाला नाही तर पहूरचा एक मास्तर तयारच होता.

माझा कारखाना म्हणजे नरडाणा स्टेशनामागचं आमचं घर, त्यातली पुढची खोली आणि तिच्यातला एक ड्रम. त्यात आता गुलाबी पाणी होतं. मी ढवळलं. उन्हात ठेवलं. सावलीत ठेवलं. शेवटी हात जोडले. ड्रमला काही वाटलं नाही.

नाना आले, सोबत त्यांची थोरली बहीण झुंबरबाई अक्का. अक्कांचे केस कमरेपर्यंत. माल तपासायलाच त्यांना आणलं होतं. आल्या आल्या त्या अंगणातल्या दगडावर बसल्या, डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "मी बठनू. आना."

नानांचा धंदा दुधाचा. गावोगावचं दूध गोळा करून धुळ्यात विकायचे. त्यांनी ड्रममध्ये बोट बुडवलं, एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेतला आणि नख तिरपं केलं. चांगल्या दुधाचा थेंब नखावर थांबतो. माझा शांपू नखावरून मनगटावर, मनगटावरून बाहीत आणि तिथून काखेपर्यंत गेला. नाना त्याचा प्रवास गंभीरपणे पाहत होते.

"पानी शे," ते म्हणाले.

"नाही नाना. पाणी कमी आहे."

"पोऱ्या, आखी उमर मी पानी शोधी ऱ्हायनू. तू माले शिकाडस?"

"मीठ जास्त झालंय. ते काढता येत नाही. पण पाणी वाढवलं तर घट्ट होईल."

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हा मला स्वतःलाच ते खोटं वाटलं. पण दुसरं वाक्य माझ्याकडे नव्हतं. मी बादलीत शांपू काढला, तांब्याभर पाणी ओतलं, काठीने ढवळलं. पातळच. आणखी पाणी. आणखी पातळ. नाना चपला घालू लागले.

"मनं डोकं सुकी ऱ्हायनं रे!" अंगणातून अक्का ओरडल्या.

मी पुन्हा तांब्या ओतला. मग काठी जड झाली.

नानांनी थेंब घेतला. नख तिरपं केलं. उलटं केलं. थेंब लोंबकळत राहिला. नाना त्याच्याकडे असं पाहत होते, जसं आयुष्यात त्यांनी कुंदाच्या आईकडेही पाहिलं नसेल.

"कुंदा तुनी," ते म्हणाले.

मी ड्रमला धरून उभा राहिलो. नानांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि आवाज खाली आणला.

"आते सांग. हाई दूधमा चाली का? पानी टाकं का दूध घट्ट?"

"नाना, हा शांपू आहे."

"रंग नको टाकू."

"लोक पितील ते. लेकरं पितील."

"पितस नं. फुकीसन पितस." त्यांनी पुन्हा नखाकडे पाहिलं. "आधी दूध, मंग हळद. नही तं पहूरना मास्तर शेच."

मी हो म्हणायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. कुंदा डोळ्यांसमोर होती, आणि ती मला पुन्हा तेच विचारत होती. झोंबतो का? या वेळी मला 'नाही' म्हणावं लागणार होतं. जन्मभर, रोज सकाळी, चहाबरोबर.

मी आईकडे वळलो. तिने काही न विचारता मिठाचा दुसरा पुडा पुढे केला. मी तो फोडून सगळाच्या सगळा बादलीत ओतला आणि काठी फिरवली.

"पाहा नाना. पुन्हा पाणी. या मालाचा काही भरवसा नाही."

नानांनी नख धोतराला पुसलं. "येडा शे," ते आईला म्हणाले आणि रस्त्यावर जाऊन उभे राहिले. त्यांची पाठ पाहूनच कळलं की पत्रिका पहूरला छापली जाणार.

अक्कांना यातलं काही माहीत नव्हतं. वाट पाहून कंटाळून त्यांनीच बादली ओढली आणि ते गुलाबी पाणी डोक्यावर घेतलं. फेस आला. एवढा आला की अक्का दिसेनाशा झाल्या. दाटपणाचा आणि केस धुण्याचा तसा काही संबंध नसतो. तो फक्त पाहणाऱ्यांसाठी असतो.

"अक्का, चाल!" नाना रस्त्यावरून ओरडले.

"काय मस्त शे रे!" फेसातून आवाज आला. मग किंकाळी. "अरे, डोळामा झोंबस रे!"

मी तांब्या भरून त्यांच्या हातात दिला.

"हो अक्का," मी म्हणालो. "कुंदाला सांगा. खूप झोंबतो."