मागचे दार नसलेला कारखाना

मित्रांनो, मी एक जुना कागदी कारखाना आहे. अकोल्याच्या जुन्या शहरात, वामनराव वकिलांच्या जेवणाच्या टेबलावर माझा जन्म झाला. अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगची मी प्रतिकृती, खऱ्याच्या शंभराव्या हिश्शाची. जिनिंग पाडून तिथे प्लॉट पडले. मी मात्र काचेच्या पेटीत शाबूत आहे. यात माझा काही पराक्रम नाही आणि वामनरावांचाही नाही.

तीन वर्षे चिमटा आणि ब्लेड घेऊन त्यांनी मला घडवले. शेठच्या बंगलीची नक्षी, गेटावरची पाटी, एकशे चाळीस खिडक्या, सगळे मोजूनमापून. पण मोजले ते रस्त्यावर उभे राहून, बुटांना सरकी लागू नये म्हणून. मागची भिंत कोऱ्या पुठ्ठ्याची चिकटवून दिली. उंटावरून शेळ्या हाकणे ते हेच. तरी अमरावतीच्या प्रदर्शनात मला पहिले बक्षीस मिळाले. परीक्षकांनी जन्मात जिनिंग आतून पाहिली नव्हती, पण ‘हुबेहूब’ म्हणून माना डोलावल्या. वकिलांचे स्नेही महादेवराव तर संग्राहक. कापून-चिकटवून उभ्या करायच्या अशा नमुन्यांचे दोनशे छापील कागद त्यांच्या ट्रंकेत आहेत आणि एकालाही कात्री लागलेली नाही. ते भिंग घेऊन माझ्यावरचे डिंकाचे डाग शोधतात.

गेल्या महिन्यात अकोटहून सुभद्राबाई आल्या, सोबत त्यांची नर्स लेक दामिनी. बाईंनी त्या जिनिंगमध्ये बावीस वर्षे रेच्यांना, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांना, कापूस घातला होता. जागा उरली नव्हती, एक फोटोही नव्हता. लेकीला दाखवायला फक्त मी होतो. वकिलांनी मला पेटीतून काढून ऐटीत फिरवले. मागच्या भिंतीपाशी बाई थांबल्या.

“साहेब, मांगचं दार कुठी हाय? मोठ्या गेटातून शेठ जाये. आमी बाया मांगून येत होतो. तिथंच निंबाले हिची झोळी राहे.”

“मागे कोण पाहते, बाई?” वकील म्हणाले.

“एवढुसं दार कापून द्या ना. लेकीले दाखवा लागते.”

“बक्षिसाची वस्तू आहे. तिला आता ब्लेड लावता येत नाही.”

मला माझ्या बक्षिसाची लाज वाटली.

वकील चहा सांगायला आत गेले. दामिनीने कपाळावरची लाल टिकली काढली. “माय, कुठी?” सुभद्राबाईंनी जागा दाखवली. दामिनीने तिथे टिकली चिकटवली. बाई टिकलीवर बोट ठेवून उभ्या राहिल्या.

मित्रांनो, धुळीपासून आम्हाला जपा, असे शेवटी सांगण्याची आम्हा वस्तूंत रीत आहे. माझी धूळ रोज पुसली जाते, त्याने काही झाले नाही. तुम्ही काही बनवायला घ्याल तेव्हा आधी मागून फिरून या, आणि तिथे राबलेल्या माणसाला विचारा. वकिलांनी मला पुन्हा भिंतीकडे पाठ करून ठेवले आहे. टिकली त्यांना अजून दिसलेली नाही. माझ्या साऱ्या अंगावर तेवढी एकच गोष्ट बरोबर जागी आहे.