गोंदलेला हात

सकुबाई काहीही ऐकून घेईल, पण बायकांना कुणी नाजूक म्हटलेलं तिला खपायचं नाही. शहापूरच्या एका छोट्या दवाखान्यात ती ऑपरेशनच्या खोलीतली मावशी. पेशंटचा हात धरून बसणं हे तिचं काम. २००३ साली भूल देणारे कर्णिक डॉक्टर अंग सैल पाडणारं नवं औषध आणू लागले. पेशंट झोपला की ते शिरेत सोडायचे, आणि बाईमाणूस असलं की हात बहुतेक झटका मारायचाच.

"बायका नाजूकच हो, मावशी," डॉक्टर हसायचे.

नाजूक! तानशाच्या रानातून मोळ्या वाहणाऱ्या बाया नाजूक? सकुबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. लिहिता तर येत नव्हतं. तिने दोन दोरे घेतले, बाप्यांचा पांढरा, बायांचा तांबडा. दर पेशंटमागे त्या दोऱ्यात एक मणी, हात झटकला की मण्याशेजारी गाठ.

आणि आज टेबलावर तिची सख्खी धाकटी बहीण, मुरबाडची भिमी! पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन.

"ताय, मी हात नाय हलवायची. गोंदताना तरी हलवला व्हता का?"

खरंच होतं. दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले, पण पोरीने हूं की चूं केलं नव्हतं. गावात अजून तिचं नाव काढतात. सकुबाईने तो हात घट्ट धरला. हिचासुद्धा हात हलला, तर मग नाजूक कुणाला म्हणतील?

भिमी झोपली. डॉक्टरांनी दोनदा हाक मारली, पापणीही हलली नाही. औषध शिरेत गेलं मात्र, गोंदलेला हात सकुबाईच्या मुठीतून हिसडून सुटला.

"बघा!" ती ओरडलीच. "झोपलेलं माणूस नखरे करतंय व्हय? दुखतंय तिला!" तिने दोरे पुढे धरले. "पंधरा बाप्ये, चार गाठी. पंधरा बाया, हिची धरून अकरा! मोजा!"

भिमीला श्वासाची नळी घालून झाल्यावर डॉक्टरांनी गाठी मोजल्या. दोनदा मोजल्या. हसू पार मावळलं होतं.

पुढची पेशंट जिवली. डॉक्टरांनी तिच्या दंडाला पट्टा आवळला, आधी शिरेत बधिर करणारं औषध सोडलं, मग पट्टा काढून ते नवं औषध. हात जागचा हलला नाही! सकुबाईला तिथेच फुगडी घालावीशी वाटली.

ती धावत भिमीच्या खाटेशी आली.

"ताय, हलवला का गो मी?"

"हलवलास. म्हणून तर जिवलीला दुखलं नाय!"

भिमी गोंदणावरून बोट फिरवत हळूच म्हणाली, "ताय, गोंदताना पण जाम दुखलं व्हतं गो."