साळसूद कोणाला म्हणावे?

मित्रांनो, मी एका शिवणकामाच्या कारखान्यातले जुने भिंतीवरचे घड्याळ आहे. इथल्या एकाही बाईकडे मनगटी घड्याळ नाही. मी सांगेन तीच वेळ.

आमचे मुकादम मला रोज दोनदा स्वतः पुसत. "मुकादमांचा घड्याळावर भारी जीव," असे बायका म्हणत आणि मी फुशारून जाई. दुपारी सगळ्यांच्या माना शिलाईवर वाकलेल्या असत, तेव्हा पुसता पुसता त्यांचे बोट माझ्या काट्याला लागे. काटा पंधरा मिनिटे मागे सरके. सकाळी कोणी यायच्या आत तो परत जागेवर. चुकून होत असेल, असे मला आधी वाटले. सुट्टी उशिरा व्हावी म्हणून माझी ही बडदास्त आहे, हे महिनाभराने कळले. मला ते फार लागले.

खरा फटका बसला तो काजं-बटणं करणाऱ्या मावशींना. त्यांची पोरकी नात पाळणाघरात असे. सहाच्या आत नेली नाही तर नाव काढून टाकू, अशी तंबी मिळाली होती. मावशी माझ्यात साडेपाच वाजले की निघत, धापा टाकत पोहोचत, तरी उशीर. "माझेच पाय चालेनात," असे म्हणत. मला ते ऐकवत नसे.

"तुमच्या कारखान्याचं घड्याळ एकदा तपासा," असे शेवटी पाळणाघराच्या बाईंनी सुचवले. मावशींनी घरचे गजराचे घड्याळ आणले, सकाळी माझ्याशी जुळवले आणि साडेपाचचा गजर लावून पिशवीत ठेवले. संध्याकाळी ते खणखणले, तेव्हा माझ्यात सव्वापाचच वाजले होते.

"असं कसं? सकाळी तर दोन्ही सारखी होती," मावशी म्हणाल्या.

"लवकर सटकायला काटे पुढे केलेत होय?" मुकादम शांतपणे म्हणाले. "आणि चेहरा बघा, कसा साळसूद."

हा शब्द मी भिंतीवरून कितीदा तरी ऐकला होता. करायचे ते करायचे आणि आपण त्या गावचेच नाही असे दाखवायचे, त्याला बायका साळसूद म्हणत. दूध पिऊन दारात डोळे मिटून बसलेली मांजर साळसूद. मुकादमांना मात्र कोणी तसे म्हटले नाही. बायकांनी माझ्याकडे पाहिले, मग मावशींकडे, आणि विश्वास ठेवला तो माझ्यावर. मावशींनीसुद्धा. "माझंच बिघडलं असेल," म्हणत त्यांनी गजर बंद केला.

त्या दिवशी नातीचे नाव पाळणाघरातून गेले. तिला सांभाळायला दुसरे कोणी नव्हते, म्हणून मावशींची नोकरीही गेली. मागे राहिला तो त्यांना चिकटलेला शब्द.

मित्रांनो, मला पुसू नका, खुशाल धूळ बसू द्या. मावशींच्या जागी आता एक नवी बाई बसते. तिलाही सहाच्या आत पाळणाघर गाठायचे असते. कोणीतरी माझी वेळ एकदा दुपारनंतर पडताळून पाहा.