डाव्या कोपऱ्यातली ग्वेन

मित्रांनो, मी एक जुना बास्केटबॉल आहे. माझ्या अंगावरचे दाणे झिजून गेले आहेत. टास्मानियातल्या एका खाणीच्या गावात, पत्र्याच्या हॉलमध्ये माझे आयुष्य गेले. तिथे धुके दारातून आत शिरते आणि खेळाडूंच्या घोट्यांशी घुटमळत राहते.

ज्यांची समज जरा सावकाश चालते, अशा बायकांचा संघ माझ्याशी खेळे. त्यांत लिओनीचा नेम सर्वांत पक्का. सरावात ती सहसा चुकत नसे. सामन्यात मात्र समोरच्या बायका सारख्या जागा बदलत, चहूकडून ओरडा होई. पास द्यावा की पळावे, हे तिचे ठरेपर्यंत कुणीतरी मला हिसकावून नेई. तेव्हा तिची बहीण ग्वेन डाव्या कोपऱ्यातून हाक मारी, "लिओ, इकडे!" तेवढी हाक तिला पुरे. मी थेट ग्वेनच्या हातात पडे.

त्या हिवाळ्यात ग्वेन नदीत बुडाली.

पुढच्या सामन्यात लिओनीने मला त्याच रिकाम्या कोपऱ्यात फेकले. पुन्हा पुन्हा.

"अगं बाई, भुताला पास देतेस का?" संघातली ब्रॉन्विन म्हणाली. कुणीही हसले नाही.

मित्रांनो, मी भिंतीवर आपटायला हवा होतो. आपटलो नाही. गार, ओल्या बोटांनी मला झेलले आणि अलगद खाली ठेवले.

प्रशिक्षक नोरीनने खेळ थांबवला. "लिओ, काय होतं गं तुला?"

"सगळ्या एकदम बोलतात. मग मला काहीच कळत नाही. ग्वेन एकटी बोलते."

नोरीन बाकीच्यांकडे वळली. मग म्हणाली, "आता सगळ्यांनी तोंडं मिटा. हाक फक्त ब्रॉन मारेल. त्याच कोपऱ्यातून."

ब्रॉन्विन कचरत तिथे गेली. "लिओ, इकडे!"

लिओनीने मला छातीशी धरले. "ब्रॉन, जरा सरक ना. ग्वेनला जागा दे."

ब्रॉन्विन सरकली आणि मी उडालो. तिने मला झेलले, तेव्हा माझे अंग आधीच ओलेचिंब होते. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तरी तिने मला बास्केटमध्ये टाकलेच.

आता मी फाटक्या जाळ्यांखाली पडून असतो. मित्रांनो, जिला ठरवायला वेळ लागतो, तिच्यावर सगळ्यांनी मिळून ओरडू नका. एकानेच बोला, हळू बोला. आणि तिने रिकाम्या कोपऱ्यात चेंडू टाकला, तर तिथे कुणीच नाही असे लगेच म्हणू नका.