एक रिंग

"बाबा, फोन द्या इकडे, जुनं सिम काढायचंय," लेक केबिनच्या खिडकीतून हात आत घालून म्हणाली.

वजनकाट्यावर खडीचा ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर खाली उतरायला तयार नव्हता. ड्रायव्हर आत बसलेला असताना वजन केलं की खडीच्या भावात माणूसही विकला जातो, हे काटेवाल्याचं ठरलेलं वाक्य. ते त्याने याही ड्रायव्हरला ऐकवलं. ड्रायव्हर कुरकुरत उतरला, पडद्यावरचा आकडा स्थिर झाला, पावती निघाली. मग काटेवाल्याने चष्मा कपाळावर चढवला आणि फोन लेकीच्या हातात ठेवला.

घरातले सगळे फोन दुसऱ्या कंपनीत न्यायचं लेकीने मनावर घेतलं होतं. नंबर तोच राहणार, खर्च जवळजवळ निम्म्यावर येणार. विरोध करायचं काटेवाल्याला कारण नव्हतं. पैसे वाचवण्यात त्याचा हात धरणारा माणूस त्या रस्त्यावर नव्हता. झिजलेला साबण नव्या साबणाला चिकटवून वापरणारा, पावत्यांच्या कोऱ्या बाजूवर हिशेब करणारा, असा तो. लेक हे सगळं त्याच्याकडूनच शिकली होती. आता ती बापाच्या एक पाऊल पुढे होती, एवढंच.

जुन्या सिमची रेंज दुपारीच गेली होती. नवं सुरू व्हायला सकाळ उजाडणार होती. लेकीने ते बसवलं आणि जाता जाता सांगितलं, "आणि कॉल फुकट आहेत, कुठेही, कितीही वेळ. आता आत्याला मिस कॉल देत बसू नका. पोटभर बोला."

"बघू," असं म्हणून काटेवाल्याने खिडकीबाहेर बघून पुढच्या ट्रकला हाक मारली. पुढे ट्रक नव्हता.

आत्या म्हणजे काटेवाल्याची मोठी बहीण, ताई. दुसऱ्या गावी मुलाकडे राहायची. रोज संध्याकाळी काटा बंद करून खिडकी ओढून घेतली की काटेवाला तिला एक रिंग द्यायचा आणि तोडायचा. थोड्या वेळाने तिची एक रिंग यायची, तीही तुटायची. अर्थ इतकाच, की दोघंही धड आहोत. भाऊ चिक्कू आणि बहीण महाचिक्कू, अशी लेक चेष्टा करायची. काटेवाल्याची बायको त्या चेष्टेवर हसायची, पण त्यात भर घालायची नाही. तिला खरं काय ते माहीत होतं.

आई शेवटच्या दिवसांत काटेवाल्याकडे होती. अंथरुणाला खिळलेली, घशाखाली काही उतरत नसलेली. बायको उशाशी बसून चमच्याने भरवायची. निम्मं सांडायचं, ते पुसून पुन्हा भरवायची. ताई येते येते म्हणत राहिली आणि पोचली ती आई गेल्यावर. माणसांनी भरलेल्या खोलीच्या दारात उभी राहून तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझ्याकडे असती तर अशी उपाशी मेली नसती."

काटेवाला भिंतीकडे बघत राहिला. बायको उठून आत गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसली. त्या दिवसापासून भावाबहिणीचं बोलणं बंद झालं.

बरेच महिने असेच गेले. मग एका संध्याकाळी फोन एकदाच वाजून तुटला. ताईचा नंबर. चुकून लागला असेल, असं काटेवाल्याला वाटलं. तरी तो फोनकडे बघत बसला, आणि मग त्यानेही एक रिंग दिली आणि तोडली. असं ते सुरू झालं. कोणी ठरवलं नव्हतं. कॉल महाग आहेत हे कारण मागून सापडलं, आणि ते इतकं सोयीचं होतं की दोघांनीही ते कधी तपासून पाहिलं नाही. मधल्या काळात कॉल स्वस्त झाले, लोक तासन्‌तास बोलू लागले, पण काटेवाला आपल्या जुन्या, सेकंदाला पैसे कापणाऱ्या प्लॅनला चिकटून होता. मनातून त्याला ताई रोज हवी होती. फक्त तिच्याशी बोलायला नको होतं.

सिम बदललं त्या संध्याकाळी फोन बंदच होता. काटेवाला घरी आला, बसला, उठला, पुन्हा बसला. लेकीला वाटलं, आत्या काळजी करेल. तिने आपल्या फोनवरून आत्याला सगळं सांगून टाकलं. कंपनी बदलली, बाबा बरे आहेत, आणि आता बाबांना कॉल फुकट आहेत, उद्यापासून रोज बोलतील बघा. काटेवाला पेपर हातात घेऊन दारापर्यंत आला. काहीतरी म्हणायचं होतं, पण काय म्हणणार? तो परत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी काटा बंद झाल्यावर त्याने खिडकी ओढून घेतली, एक रिंग दिली, तोडली. उलटी रिंग आली नाही.

त्याने रेंज पाहिली. फोन बंद करून चालू केला. विटांच्या ट्रकचा ड्रायव्हर चहा पीत उभा होता, त्याला आपला नंबर लावायला सांगितला. फोन खणखणीत वाजला. पुढच्या संध्याकाळीही तेच. ताईकडून काही नाही. नव्या कंपनीची रिंग तिकडे पोचत नाही, अशी त्याने लेकीकडे तक्रार केली. पोचते की, लेक म्हणाली. मग काटेवाल्याने विचारलं, परत जुन्या कंपनीत जाता येईल का? जास्त पैसे पडले तरी चालतील. बापाच्या तोंडून हे वाक्य लेक जन्मात पहिल्यांदा ऐकत होती. तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

लेक झोपायला गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, परवापर्यंत तुम्ही पैसे वाचवत होता. आता काय वाचवताय?"

काटेवाल्याने फोन उशाखाली सरकवला.

"फुकट असताना तुम्ही फोन तोडताय. त्यांनी काय समजायचं?"

"मला नाही बोलायचं तिच्याशी."

"मग रिंग तरी कशाला देता?" बायकोने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कपड्यांच्या घड्या घालू लागली.

काटेवाल्याला त्या रात्री एक गोष्ट स्पष्ट कळली आणि ती त्याला अजिबात आवडली नाही. रिंग देऊन तोडली तर ताई जाणार होती. न दिली तरी जाणार होती. आता बोलणं तरी करायचं, नाहीतर तिला सोडून द्यायचं. मधला रस्ता, ज्यावरून दोघं इतकी वर्षं चालत आली, तो पोरीने पैसे वाचवण्यासाठी बंद करून टाकला होता.

पुढच्या संध्याकाळी शेवटचा ट्रक गेला. काटेवाल्याने काटा बंद केला, खिडकी ओढली आणि फोन लावला. एक रिंग झाली. अंगठा आपसूक लाल बटणाकडे गेला, त्याने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. आणखी रिंग झाल्या. मग फोन उचलला गेला. पलीकडे टीव्ही चालू होता, तो कोणीतरी बंद केला.

"कोण?" ताईने विचारलं. नाव दिसत असूनही विचारलं.

"मी."

"हं."

तब्येत कशी आहे, हे विचारायचं त्याने ठरवलं होतं. तोंडातून भलतंच आलं.

"ताई, आई उपाशी नव्हती. तिला गिळताच येत नव्हतं. हिने चमच्याने भरवलं तिला, रोज, रात्रीसुद्धा."

फोन कट झाला की काय म्हणून त्याने कानापासून काढून पाहिला. कट झाला नव्हता.

"माहीत होतं रे," ताई म्हणाली. "तेव्हाही माहीत होतं."

"मग बोललीस कशाला?"

"मी वेळेवर आले नव्हते. सगळे माझ्याकडे बघत होते."

काटेवाल्याला राग आला. आई गेली त्या दिवशी यायला हवा होता तो राग आज आला, इतका की कानशिलं तापली. सगळ्यांच्या नजरा आपल्यावरून काढायला तिने त्या ज्या बाईवर वळवल्या, ती बाई आत जाऊन घासलेली भांडी घासत बसली होती. त्याने तेव्हाही तोंड उघडलं नव्हतं. आणि नंतर रोज संध्याकाळी तो त्याच बहिणीला रिंग देत आला होता.

"हे मला नको सांगूस," तो म्हणाला. "हिला सांग."

ताईने विचारलं, "ती घेईल फोन?"

"ते तिलाच विचार. मी निघालोय. घरी पोचेपर्यंत ठेवू नकोस. पैसे पडत नाहीत."

त्याने एका हाताने केबिनला कुलूप लावलं आणि फोन कानाशी धरून चालू लागला. वाटभर ताईचा श्वास ऐकू येत होता, जरा धाप लागल्यासारखा; वय झालं होतं तिचं. दुकानं उघडी होती. ओळखीच्या न्हाव्याने हात केला, काटेवाल्याने मान हलवली. जिना चढताना त्याचाही श्वास वाढला, आणि तोही तिकडे ऐकू जात असणार.

बायको बेसिनपाशी भांडी विसळत होती. त्याने काही न बोलता फोन तिच्यापुढे धरला. तिने नाव वाचलं. नळ बंद केला. खुंटीवरचा टॉवेल घेऊन दोन्ही हात कोरडे केले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा, अगदी सावकाश. पलीकडे ताई थांबली होती.

मग तिने फोन घेतला.