पुन्हा एकदा टाइप करा

लिनक्सनं आधी भाषा विचारली, मग देश विचारला, मग घड्याळ कुठल्या मुलखाचं लावू ते विचारलं, आणि परवलीचा शब्द विचारताना सर्व्हरच्या खोलीच्या चारही भिंती हातभर आत आल्या. भूपाल मगदूमनं खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली. एसीची खोली आहे, भिंती थंडीनं आकसणारच, असं त्याला वाटलं, आणि ते त्याला पटलंही.

दूध संघाचा जुना सर्व्हर सकाळी जळाला होता. वजनकाटा त्याच्यावर चालायचा, फॅट मोजायचं यंत्र त्याच्यावर चालायचं, कुठल्या टँकरनं कधी रिकामं व्हायचं तेही तोच ठरवायचा. आता आवारात भरलेले टँकर एकामागे एक उभे होते, ऊन त्यांच्या पाठी तापवत होतं आणि ड्रायव्हर मधूनमधून टाकीला कान लावून बघत होते. नवा सर्व्हर खोक्यातून निघाला तो कोरा; यंत्र चालवणारं लिनक्सही त्यात बसवायचं होतं. बटणं दाबत दाबत बसवायची सोपी रीत त्या यंत्राला मानवेना, म्हणून भूपाल सगळं हातानं करत होता. माऊस नाही, चित्रं नाहीत, काळा पडदा आणि एकेक आज्ञा. त्यानं डिस्कचे भाग पाडले, ते साफ केले, त्यांच्यावर मूळ सामान उतरवलं, यंत्राला नाव दिलं. इथवर गडी रंगात होता. संघात हे काम येणारा माणूस तो एकटाच, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे.

राहिला होता रूटचा परवलीचा शब्द. रूट म्हणजे त्या यंत्राचा कर्ता माणूस. त्याचा शब्द ठरल्याशिवाय यंत्र पुढे पाऊल टाकायला तयार नव्हतं.

परवलीच्या शब्दांबाबत भूपालची स्वतःची एक युक्ती होती आणि तिचा त्याला कोण अभिमान. लोक पोरांची नावं लावतात, देवांची लावतात, ती कुणीही ओळखतं. भूपाल मात्र जे सांगायची लाज वाटते तेच लावायचा. जे आपण मेलो तरी कुणाला सांगणार नाही ते चोराला कुठून सुचणार? काट्यावर, फॅटच्या यंत्रावर, थेट चेअरमनच्या संगणकावर भूपालच्या बारीकसारीक लाजा अशा पहाऱ्याला बसल्या होत्या.

आज मोठं यंत्र होतं, म्हणून त्यानं मोठी लाज काढली. ‘पुण्यात आम्लेट खाल्लं.’ जैनाच्या घरात जन्मलेल्या, गाळल्याशिवाय पाणीही न पिणाऱ्या माणसांत वाढलेल्या भूपालला ही गोष्ट आठवली तरी कानशिलं गरम व्हायची. टाइप केलेलं पडद्यावर उमटत नव्हतं. परवलीचा शब्द उमटत नसतोच. बोटं चालतात आणि पडदा ढिम्म असतो.

पडद्यावर उत्तर आलं, ‘कमकुवत. हे सगळ्यांना माहीत आहे.’

भिंती आणखी आत आल्या. दारही त्यांच्याबरोबर लहान झालं, आणि चहा देणारा दस्तगीर चपला बाहेर काढून खांदे आवळत आत शिरला. सर्व्हरच्या खोलीत चपला घालून यायचं नाही, हा नियम भूपालनंच केला होता. धूळ यंत्राच्या पोटात जाते.

“साहेब, च्या.”

“ठेव तिकडं.”

“ते आम्लेट नुसतंच होतं का पावासंगं?”

“कुठलं आम्लेट?”

“पुण्यातलं.”

भूपालनं पडद्याकडे बघितलं, मग चहाकडे. “पावासंगं,” तो म्हणाला.

“मग ठीक हाय. नुसतं बाधतं,” दस्तगीर म्हणाला, आणि किटली सांभाळत मागच्या मागे बाहेर गेला.

भूपालनं चहा बाजूला सारला. पण दुधाचे टँकर माणसाच्या लाजेसाठी थांबत नाहीत. त्यानं दुसरी लाज काढली. ही त्याहून जुनी होती आणि खरं तर यंत्राला द्यावी अशी नव्हती. ‘सासऱ्यांना सांगितलं, अक्का शाळेत बाई आहे.’

अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा भूपाल रांगत होता. अक्कानं त्याला कडेवर घेतला तो कॉलेजात पोचवूनच खाली ठेवला. स्वतःचं लग्न तिनं केलं नाही. निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारीत पानं निवडता निवडता ती म्हातारी झाली, आणि तंबाखूची धूळ तिच्या छातीत कायमची घर करून बसली. तिच्या त्या वखारीतल्या मजुरीवर भूपाल संगणक शिकला. लग्न ठरायच्या वेळी मात्र वखार हा शब्द काही केल्या त्याच्या तोंडून फुटला नाही.

‘कमकुवत. हे सगळ्यांना माहीत आहे.’

आता दार गुडघ्याएवढं झालं होतं. संघाचे व्यवस्थापक चौगुलेसाहेब रांगत आत आले. त्यांच्या विजारीच्या गुडघ्यांना माती लागली होती, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसावं.

“मगदूम, किती वेळ?”

“एक शब्द राहिलाय, साहेब.”

“दुधाला वास यायला लागलाय.” चौगुलेसाहेब रांगत्या अवस्थेतच थोडे वळले. “आणि तुमच्या अक्का वखारीत होत्या, ते आम्हाला तुमच्या लग्नातच कळलं होतं. खोकल्यावरून. तुमच्या सासऱ्यांनाही कळलं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही.”

“बरं,” भूपाल म्हणाला.

“लवकर आटपा,” असं म्हणून साहेब रांगत गेले.

इतकी वर्षं सगळं गाव त्याला सांभाळून घेत होतं आणि तो मान ताठ करून हिंडत होता. भूपाल शरमेनं अर्धमेला झाला. तोंड लपवावं म्हटलं तर तेवढी जागाही खोलीत उरली नव्हती. पाठ मागच्या भिंतीला टेकली होती, खांदा सर्व्हरला घासत होता, आणि यंत्राचा गरम वारा सरळ तोंडावर येत होता. पडद्यावर तीच ओळ थांबली होती. ‘परवलीचा शब्द टाका.’

कुणालाच माहीत नाही असं आपल्यापाशी काय उरलंय, याचा तो शोध घ्यायला लागला. फार खोल जावं लागलं नाही. ती गोष्ट वरच होती, रोज संध्याकाळी लागणारी.

अक्का गेल्या दिवाळीला चार दिवसांसाठी म्हणून त्याच्याकडे आली होती आणि मग परत गेलीच नव्हती. त्याची बायको त्रिशला तिच्यावर जीव टाकायची. भूपालही चारचौघांत तिच्या पाठीशी उशी लावायचा, तिचं औषध स्वतः आणायचा, आणि बघणारे म्हणायचे, भाऊ असावा तर असा. पण रात्रभर ती खोकायची. पाहुण्यांपुढे त्याला भूप्या म्हणायची. दिवस मावळायच्या आत जेव म्हणून रोज मागे लागायची. आणि रोज संध्याकाळी घरी पोचलं की भूपाल आधी उंबऱ्याकडे बघायचा, तिच्या चपला आहेत का ते. रोज त्या असायच्या, आणि रोज तो स्वतःच्या चपला काढायला उगाच वेळ लावायचा. मग तो हसून आत जायचा.

हे त्रिशलाला माहीत नव्हतं. हे त्यानं स्वतःलाही कधी शब्दांत सांगितलं नव्हतं. त्यानं टाइप केलं, ‘दारात अक्काच्या चपला दिसू नयेत.’ आणि एंटर दाबलं.

भिंती थांबल्या. मग पडद्यावर आलं, ‘मजबूत. हे कुणालाच माहीत नाही.’

एरवी भूपालचा जीव भांड्यात पडला असता. आज त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात खालची ओळ आली. ‘पुन्हा एकदा टाइप करा.’

दारातून आधी डबा आत आला आणि डब्यामागून अक्का. तिला वाकावं लागलं नाही. वखारीनं तिला आधीच तेवढी वाकवून ठेवली होती. ती समोरच्या भिंतीला पाठ टेकून बसली. दोघांचे गुडघे एकमेकांना लागले.

“चालतच आलो,” ती म्हणाली. “दिस मावळाय आलाय, आनि तू अजून इथंच. चपला भाईर काढल्यात बघ. त्यो च्यावाला म्हनला, काढा म्हनून.”

“अक्का, मी हल्ली रात्रीच जेवतो. तुला ठाऊक आहे.”

“ठाऊक हाय की. म्हनून न्हाई आनायचं व्हय?” तिनं डबा उघडला. भाकरी होती, वर दोडक्याची भाजी. एसीच्या थंड वाऱ्यानं तिला खोकल्याची उबळ आली. तिनं पदर तोंडाशी धरला आणि यंत्राकडून तोंड फिरवलं, त्याला धूळ लागू नये म्हणून.

बाहेर एका टँकरनं भोंगा वाजवला, मग सगळ्यांनी.

भूपालनं बोटं कळांवर ठेवली. अक्कासमोर ते लिहायचं नाही, एवढं त्यानं ठरवलं आणि टाइप केलं, ‘अक्का, तू इथंच राहा.’

‘जुळत नाही,’ यंत्र म्हणालं. ‘आधी लिहिलं तेच टाइप करा.’

अक्काच्या मागची भिंत पुढे सरकली. तिचे गुडघे तिच्या छातीशी आले, डबा मध्ये अडकला, आणि श्वास तिला तोडून तोडून घ्यावा लागला. तक्रार मात्र तिनं केली नाही.

“जागा लहानच हाय की रं तुझी,” ती म्हणाली. “काय लिवतोयस?”

“काही नाही, अक्का.”

“दिसत तर न्हाई कुठं.”

“हे दिसत नसतं.”

“मग लिव की. कुनाला लाजतोस?”

भूपालला रडू आलं. ते आवरत त्यानं पहिल्यापासून तेच टाइप केलं, अक्षर न् अक्षर, तिच्याकडे न बघता. तिच्या नावाशी बोटं अडखळली. चपलांशी पुन्हा अडखळली. शेवटचं अक्षर झालं आणि हात तसाच वर राहिला. एंटर काही त्याच्यानं दाबवेना. दूध नासलं तर नासू दे, नोकरी गेली तर जाऊ दे, असं त्याला मनापासून वाटलं. ते वाटून झालं तरी लिहिलेलं पुसायला मात्र त्याचं बोट गेलं नाही.

अक्कानं भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर भाजी घेतली आणि त्याच्या वर राहिलेल्या हातात ठेवला.

“मगाशी ह्येच दाबलंस न्हवं?” तिनं विचारलं. “ह्ये दाबलं की झालं?”

त्याला नाही म्हणता आलं असतं. तंबाखूनं पिवळं पडलेलं तिचं बोट पुढे आलं आणि तिनं एंटर अलगद दाबलं, झोपलेल्या पोराला उठवायचं नाही इतक्या हलक्या हातानं.

सर्व्हर सुरू झाला. त्यावरचे हिरवे दिवे लुकलुकले आणि भिंती मागे सरकायला लागल्या. समोरच्या भिंतीला अक्काची पाठ टेकलेली होती, त्यामुळे अक्काही भिंतीबरोबर मागे गेली, मांडीवर उघडा डबा घेऊन. भिंत नेहमीच्या जागी आली आणि थांबली नाही. खोली लांब होत गेली. भूपाल उठून दोन पावलं चालला, तेवढ्यात ती वीस पावलं दूर गेली होती.

“सावकाश खा,” अक्का तिकडून म्हणाली. मग तिचा खोकला ऐकू आला. मग यंत्राच्या पंख्याचाच आवाज राहिला.

त्याच्या पाठीमागे दार पुरतं मोठं होऊन आपोआप उघडलं. आवारात वजनकाटा चालू झाला होता, पहिला टँकर त्याच्यावर चढत होता, आणि भूपालचं कौतुक करायला सगळे जमले होते. चौगुलेसाहेब होते, दस्तगीर होता, ड्रायव्हर होते. भूपाल हातात तो घास घेऊन दारात उभा राहिला. ऊन अजून होतं. त्याच्या तोंडाकडे मात्र कुणी बघितलं नाही. सगळ्यांनी आधी उंबऱ्याकडे बघितलं, तो रोज बघायचा तसंच, आणि तिथं एकट्या त्याच्याच चपला होत्या.