उतार आमचा, वेग आमचा

मी एक जुना ट्रक आहे, मित्रांनो, आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. माझा रंग उडाला आहे, डावा दरवाजा खांदा लावल्याशिवाय बंद होत नाही आणि थंडीत सुरू होताना मी थोडा खोकतो. पण चढावर मी आजवर कुणापुढे हार खाल्लेली नाही.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मी निळाशार होतो. माझा पहिला चालक अंगाने दणकट. सगळे त्याला पहिलवान म्हणत. त्याच्याबरोबर मी सिमेंट वाहिले, बटाटे वाहिले, कागदाची अवजड रिळे वाहिली. एकदा तर जत्रेतला अख्खा पाळणा सुटा करून माझ्या पाठीवर चढवला होता. गाडी असावी तर अशी, असे लोक म्हणत आणि पहिलवान मिशीत हसत असे. पुढे त्याची नजर अधू झाली. तो घरी बसला आणि माझ्या वाट्याला मालवाहतूक कंपनीच्या आवाराची मागची भिंत आली. माझ्या बंपरवर डबे ठेवून माणसे जेवू लागली. फक्त गाड्या दुरुस्त करणारे फिटरकाका अधूनमधून येत, माझे इंजिन सुरू करून कान देऊन ऐकत आणि म्हणत, "याला काही धाड भरलेली नाही."

मग ती आली. शहरात बेकरीची छोटी व्हॅन चालवणारी बाई. नवरा शिवणकाम करायचा, घरी दोन मुली आणि सासूबाई. अवजड गाडीचा परवाना काढून ती लांबच्या फेऱ्या मागायला आली होती. आवाराच्या मुकादमाने तिला खालीवर न्याहाळले आणि माझी चावी पुढे केली.

"नवी बाई, जुनी गाडी. जोडा शोभतो!"

सगळे खो खो हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरे सांगू? ती आत बसली तेव्हा मला तिचाही राग आला. क्लचवर तिचा पाय असा लटपटत होता की माझे पेडल खडखडू लागले. फाटकातच मी बंद पडलो. पुन्हा सुरू झालो, पुन्हा बंद पडलो. मागून शिट्ट्या आल्या. तिने ओढणीने तळहात पुसले, ओठ आवळले आणि मला बाहेर काढले.

माझ्या पाठीवर काचेच्या तावदानांचे खोके होते. म्हणजे वजन भरपूर आणि धक्का जराही चालायचा नाही. वाटेत ती मोठ्याने बोलत होती. "आरसा. हवेचा दाब. गिअर. आरसा." सपाट रस्त्यावर तिचे बरे चालले होते. दुपारी आम्ही घाटाच्या माथ्यावर पोहोचलो आणि खाली उतरत गेलेली वळणे पाहून तिने मला कडेला घेतले. स्टिअरिंग तिने इतके घट्ट धरले होते की तिची बोटे पांढरी पडली. बऱ्याच वेळाने तिने एक हात सोडवला आणि घरी फोन लावला.

"आई, माझ्याच्यानं नाही होणार हे."

"मग मी येऊ का चालवायला?" सासूबाईंचा खणखणीत आवाज आला. "गुडघे दुखतायत, पण येते."

ती रडता रडता हसली. "चेष्टा नका करू. खरंच भीती वाटतेय."

"वाटणारच. मी तीन बाळंतपणं घाबरतच केली. भीती जायची वाट बघत बसले असते, तर तुझा नवरा जन्मालाच आला नसता! ब्रेक बघितलेत ना कुणी?"

"फिटरकाकांनी. निघायच्या आधी."

"मग हळूहळू उतर. तुझ्या मागे कुणी लागलंय का?"

तिने डोळे पुसले, ब्रेकच्या हवेचा दाब पाहिला आणि खालचा गिअर टाकला. मित्रांनो, भरलेला ट्रक उतारावर नुसत्या ब्रेकने आवरता येत नाही. ब्रेक सतत दाबला की तापतो आणि ऐन वेळी दगा देतो. इंजिनालाच गाडी धरून ठेवू द्यायची असते. हे तिला ठाऊक होते. अडचण एवढीच की असे उतरायला धीर लागतो आणि मागच्यांना तो नसतो.

दुसऱ्याच वळणावर एक नवाकोरा ट्रक आमच्या पाठीला चिकटला. त्याने हॉर्न धरला तो सोडेचना. त्याचा चालक खिडकीतून ओरडला, "ओ ताई, ढकलू का?"

तिचा पाय क्लचकडे सरकला. वरचा गिअर टाकला असता तर मी सुटलो असतो. मला तिची कापरी टाच जाणवत होती. मग ती टाच मागे गेली.

"वाजव रे बाबा, हवा तेवढा वाजव," ती म्हणाली. "उतार माझा, वेग माझा."

शाबास! मीही माझे जुने इंजिन पोटातून गुरगुरवले आणि तो सगळा भार धरून ठेवला. आमच्यामागे वाहनांची रांगच रांग लागली. आम्ही तसूभरही घाई केली नाही. पायथ्याला रस्ता रुंद झाला तेव्हा ते सगळे शिव्या मोजत पुढे गेले. ती मात्र गाणे गुणगुणत होती, तेही बेसूर.

पण खरी परीक्षा गोदामापाशी झाली. दोन भिंतींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत मला मागे घ्यायचे होते. तिचा पहिला प्रयत्न फसला, दुसराही फसला. हमाल जमले. गोदामाचा व्यवस्थापक हात पुढे करून म्हणाला, "उतरा बाई. द्या चावी, मी लावतो."

तिच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"चावी माझ्याकडेच राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही मागे उभे राहा आणि भिंत किती लांब आहे तेवढं सांगा."

त्याने हात खाली घेतला. मग मागे जाऊन उभा राहिला आणि सांगू लागला, "येऊ द्या... येऊ द्या... थोडं उजवीकडे... बास!" मी जागेवर थांबलो. खोके उतरले. एकाही तावदानाला तडा नव्हता.

ती अजून मलाच चालवते. मोठ्या घाटाआधी तिचे तळहात आजही ओले होतात आणि ती ते पुसून खालचा गिअर टाकते. म्हणून सांगतो, मित्रांनो, नवशिक्याच्या हातातली चावी मागू नका. मागे उभे राहा, भिंत किती लांब आहे तेवढे सांगा. आणि माझ्यासारख्या जुन्या गाडीचे तेल, पाणी, हवा वेळच्या वेळी बघा. बाकीचे आम्ही दोघे बघून घेऊ.